५७ किलो ब्राँझ

हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियमला लागून एक पांढरा, सडपातळ मनोरा आहे. उंची ७२.७१ मीटर. बांधणाऱ्यांना सरळ सत्तर धरता आले असते किंवा पंच्याहत्तर. त्यांनी बहात्तर मीटर आणि वर एकाहत्तर सेंटिमीटर धरले, कारण १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मट्टी यार्विनेन या फिनिश खेळाडूचा भाला बरोबर तेवढ्या अंतरावर जाऊन पडला होता आणि त्या फेकीला सुवर्णपदक मिळाले होते. जमिनीवर टेप लावून मोजलेले ते अंतर यर्यो लिंदेग्रेन आणि तोइवो यान्त्ती या दोन वास्तुविशारदांनी आभाळाच्या दिशेने उभे केले. आठशे ग्रॅमच्या भाल्याने काही सेकंदांत कापलेली वाट १९३८ पासून तिथे काँक्रीटमध्ये उभी आहे. २३८ फूट, म्हणजे साधारण चोवीस मजले.

आपल्या नीरज चोप्राने टोकियोत सुवर्ण मिळवले ते ८७.५८ मीटरच्या फेकीवर. त्या मापाचा मनोरा आपण बांधला, तर तो हेलसिंकीच्या मनोऱ्यापेक्षा १४.८७ मीटरने, म्हणजे जवळजवळ पाच मजल्यांनी उंच होईल. खेळातला आकडा असा उभा करून पाहिला की त्याचा आवाका कळतो. वर्तमानपत्रात दशांश चिन्हानंतरचे दोन अंक आपण सहज ओलांडून जातो. फिनलंडने ते दोन अंकसुद्धा बांधून काढले, आणि मला त्या देशाचे हे फार आवडते.

पण या मनोऱ्याहून मोलाची गोष्ट स्टेडियमच्या दारासमोर आहे. तिथे पाव्हो नुर्मी धावतो आहे. ब्राँझचा, विवस्त्र, एका पायाच्या चवड्यावर. दुसरा पाय मागे उचललेला, हात कोपरात दुमडलेले, नजर समोर. वाइनो आल्तोनेन या शिल्पकाराला हे काम खुद्द फिनलंडच्या सरकारने दिले, १९२४ मध्ये, आणि १९२५ मध्ये शिल्प पूर्ण झाले. तेव्हा नुर्मी अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचे धावणे अजून थांबलेले नव्हते आणि देशाने त्याला धातूत ओतून ठेवले होते. स्टेडियमसमोरचा पुतळा हा त्याच शिल्पाचा १९५२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी उभारलेला ओतीव नमुना. नुर्मीच्या गावी, तुर्कूलाही एक आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ऑलिम्पिक संग्रहालयातही.

सरकारला एवढी घाई का झाली, हे समजायला १९२४ चा उन्हाळा पाहावा लागतो. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळापत्रकात १५०० आणि ५००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, तासाभराच्या आत आल्या होत्या. नुर्मीने १९ जून रोजी हेलसिंकीत रंगीत तालीम केली. आधी १५०० मीटर ३ मिनिटे ५२.६ सेकंदांत. थोडी विश्रांती. मग ५००० मीटर १४ मिनिटे २८.२ सेकंदांत. दोन्ही वेळा विश्वविक्रम, आणि दोन्ही एकाच तासात. १० जुलैला पॅरिसमध्ये त्याने खरोखरच दोन्ही शर्यती जिंकल्या. मधे तासाभराचीही उसंत नव्हती. १५०० मीटरमध्ये त्याचा वेग ताशी २३ किलोमीटरच्या वर होता आणि ५००० मध्ये ताशी साडेवीसच्या वर. हातात स्टॉपवॉच धरून तो धावे. शेजारचा धावपटू कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. त्याची स्पर्धा काट्याशी चाले.

दोनच दिवसांनी क्रॉस-कंट्रीची शर्यत झाली. पॅरिसमध्ये त्या दिवशी चाळिशीपार ऊन होते. आपल्याकडच्या मे महिन्यासारखे. ३८ जण सुटले, १५ पोचले. बाकीचे वाटेत कोसळले किंवा थांबले. नुर्मी पहिला आला आणि दुसऱ्या क्रमांकाचा रितोला त्याच्यामागे जवळपास दीड मिनिटाने. दुसऱ्याच दिवशी ३००० मीटरची सांघिक शर्यत. चार दिवसांत पाच सुवर्णपदके. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने दहा किलोमीटरचा विक्रम ३० मिनिटे ६ सेकंदांवर आणून ठेवला आणि तो जवळजवळ तेरा वर्षे कुणाला मोडता आला नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी ११.३५ किलोमीटर लांबीचा तो बांध डोळ्यांसमोर आणावा. गाडीतून जातानाही तो संपता संपत नाही. नुर्मीने तोच वेग राखला असता, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो ३४ मिनिटांत पोचला असता.

१९२५ च्या आरंभी तो अमेरिकेला गेला. पाच महिन्यांत ५५ शर्यती धावला, ५१ जिंकल्या. कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या नावावर २२ अधिकृत विश्वविक्रम होते आणि १२ ऑलिम्पिक पदके: नऊ सुवर्ण, तीन रौप्य. शिल्पकार आल्तोनेनच्या हातात चिकणमाती होती, तेव्हा पॅरिसचे आकडे ताजे होते.

आता एक हिशेब आपल्या जिल्ह्याचा. १९२४ मध्ये फिनलंडची लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती आणि पॅरिसहून त्यांनी १४ सुवर्णपदके आणली. सरासरी काढली तर दर २ लाख ३६ हजार माणसांमागे एक सुवर्ण. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ भरली. फिनलंडच्या त्या वर्षीच्या प्रमाणात भंडाऱ्याच्या वाट्याला किती येतील? पाच. एका ऑलिम्पिकमध्ये पाच सुवर्णपदके, एकट्या भंडारा जिल्ह्याला. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आणि भंडारा, एवढ्या सात तालुक्यांत. सगळी पदके धरली तर तेरा-चौदा.

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा करून पाहिला, कारण आकडा खरा वाटेना. वेगाची जाण आपल्या झाडीपट्टीला नाही, असे कोणी म्हणू नये. शंकरपटात बैलजोडी सुटली की तिचा वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत पंचक्रोशीत सांगितला जातो आणि वर्षभर लक्षात राहतो. मंडईच्या दिवसांत रात्री नाटक आणि दिवसा पट, अशी इथली रीत. बैलजोडीच्या वेळेतला सेकंदाचा दहावा हिस्सा ज्यांना कळतो, त्यांना नुर्मीच्या हातातले स्टॉपवॉच समजावून सांगावे लागत नाही.

या पुतळ्यातल्या धावपटूशी मराठी माणसांचा संबंध पुतळ्याहूनही जुना आहे. तो १९२० पासून सुरू होतो. त्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतातून चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. खटपट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची आणि दोराबजी टाटांची. मल्लांत कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे चौथे आले, पदकाला एका पायरीने मुकले. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती; ऑलिम्पिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. चौगुले १९ वे आले, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत. ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. एवढ्या लांबच्या वाटेवर बेळगावचा माणूस जगज्जेत्याच्या १८ मिनिटे १० सेकंद मागे होता. आणि याच अँटवर्पमध्ये एक २३ वर्षांचा फिनिश पोरगा आपले पहिले ऑलिम्पिक धावत होता. पाव्हो नुर्मी.

बत्तीस वर्षांनी, १९ जुलै १९५२ ला, पावसात भिजणाऱ्या हेलसिंकीच्या स्टेडियममध्ये मशाल घेऊन नुर्मीच आत आला. वय ५५. सत्तर हजारांच्या आसपास लोक उभे राहिले. बाहेर दाराशी त्याचा अठ्ठावीस वर्षांचा ब्राँझचा देह आणि आत मातीच्या धावपट्टीवर तो स्वतः. मैदानावरची ज्योत त्याने पेटवली, आणि मनोऱ्यावरची, यार्विनेनच्या त्या ७२.७१ मीटरच्या माथ्यावरची ज्योत पेटवली ६२ वर्षांच्या कोलेहमाइनेनने. चौगुल्यांच्या पुढे धावलेला तोच कोलेहमाइनेन.

त्यानंतर चार दिवसांनी, २३ जुलैला, त्याच शहरात खाशाबा दादासाहेब जाधव यांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. ६९ देश, ४,९५५ खेळाडू आणि त्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचा एक मल्ल. कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा पैलवान त्यांनी हरवला. जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली, ती गेली. आणि पुरेशी विश्रांती न मिळता सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लगेच उतरावे लागले, तीही गेली. सुवर्ण इशीला, रौप्य मम्मदबेयोवला, कांस्य खाशाबांना.

त्या वर्षी भारताने दोन पदके मिळवली, हॉकीचे सुवर्ण आणि हे कांस्य. १९५१ च्या जनगणनेनुसार आपण ३६ कोटी १० लाख होतो. म्हणजे १८ कोटी माणसांमागे एक पदक. यजमान फिनलंडने २२ पदके मिळवली आणि त्यांची लोकसंख्या होती ४१ लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे १ लाख ८६ हजार माणसांमागे एक. दोन्हींत फरक जवळजवळ हजारपटीचा. या हजारपटीच्या दरीवरून खाशाबा एकटे उडी मारून गेले. तीही कशी? हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावागावांतून वर्गणी गोळा झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवले.

परतल्यावर कराड स्टेशनापासून गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट. त्या दिवशी सात तास लागले, अठ्ठावीसपट. १५१ गाड्या म्हणजे ३०२ बैल. जुंपलेली एक गाडी सहा मीटर जागा घेते असे धरले, तर एकामागोमाग एक लावल्यावर रांग नऊशे मीटरांची होते, आणि बैलांचे नुसते वजन धरले तरी शंभर टनांच्या पुढे जाते. ५७ किलोच्या एका माणसापुढे शंभर टन.

त्यानंतर आपण दहा ऑलिम्पिक वैयक्तिक पदकाशिवाय काढली. मेलबर्न, रोम, टोकियो, मेक्सिको, म्युनिक, माँट्रियल, मॉस्को, लॉस एंजेलिस, सोल, बार्सिलोना. १९९६ ला अटलांटात लिएंडर पेसला टेनिसचे कांस्य मिळाले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती आणि खाशाबांना जाऊन बारा.

इथे मला धातूकडे वळायचे आहे. भंडारा हे पितळेचे गाव. पाण्याचा गुंड, गंगाळ, परात, समई. कित्येक घरांत आजीच्या लग्नातले भांडे अजून मांडणीवर आहे. धातूच्या वजनाचा अंदाज इथल्या माणसाला हाताने येतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील. पितळ करणे जिकिरीचे, कारण तांबे वितळते १०८५ अंशांना आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊन जायला लागते. तांबे द्रव होईपर्यंत जस्त उडून गेलेले असते, म्हणून ते कसे आणि केव्हा घालायचे हीच सगळी विद्या. कथील त्या मानाने सोशिक आहे. २३२ अंशांना वितळते आणि तांब्यात निमूट मिसळून जाते. दहा भागांत नऊ तांबे आणि एक कथील घेतले की पुतळ्याचे ब्राँझ तयार. ते साच्याच्या बारीक रेघांत शिरते, आणि उन्हापावसात शतकानुशतके टिकते.

साडेपाच फूट उंचीच्या, ५७ किलो वजनाच्या माणसाचा पूर्ण मापाचा ब्राँझचा पुतळा करायचा, तर धातू किती लागेल? अंदाज करून पाहावा. माणसाचा देह पाण्याहून किंचितच जड, तेव्हा त्याचे आकारमान साधारण ५५ लिटर. ब्राँझ पाण्याच्या पावणेनऊपट जड. पुतळा भरीव ओतला तर जवळजवळ पाचशे किलो धातू. अर्धा टन. हा आकडा ऐकून कुठलीही ग्रामपंचायत माघार घेईल.

पण पुतळे भरीव ओतत नाहीत. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर देतात, त्यावर पुन्हा मातीचा साचा चढवतात, भट्टीत मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या रिकाम्या फटीत धातू ओततात. मेणाची जी जाडी, तीच धातूची जाडी. म्हणजे आकारमानाचा प्रश्नच उरत नाही, उरतो फक्त कातडीचा. साडेपाच फुटी, ५७ किलोच्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ डॉक्टर ज्या सूत्राने काढतात त्याने येते १.६३ चौरस मीटर. एका साध्या दाराएवढे. जाडी चार मिलिमीटर धरली, तर धातूचे आकारमान भरते साडेसहा लिटर. आणि वजन?

५७ किलो.

मी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा आकडा चुकला असे वाटून कागद बदलला. उत्तर तेच आले. खाशाबांच्या देहाचे जे वजन हेलसिंकीच्या काट्यावर नोंदले गेले, तेवढ्याच वजनाच्या ब्राँझमध्ये त्यांचा पूर्ण मापाचा पुतळा बसतो. जाडी पाच मिलिमीटर ठेवली, तर ७१ किलो. बहुतेक ओतशाळा पाचच्या आसपास राहणे पसंत करतील, कारण धातू सगळीकडे नीट पोचायला हवा. चारवर काम करायला ओतारी पक्क्या हाताचा लागतो. साच्यातून वितळून जाणारे मेण असेल सुमारे सहा किलो. सहा किलो मेण बाहेर, सत्तावन्न किलो ब्राँझ आत.

आल्तोनेनने नुर्मीला एका चवड्यावर उभे करण्याचे धाडस केले तेही याच पोकळपणाच्या आणि ब्राँझच्या चिवटपणाच्या बळावर. दगडात हे जमत नाही. ब्राँझची ताण सोसण्याची ताकद संगमरवराच्या वीसपटींहून जास्त. मायरॉनचा थाळीफेकपटू इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात मुळात ब्राँझमध्ये ओतला होता. तो हरवला. रोमनांनी संगमरवरात नकला केल्या आणि प्रत्येकीत पायाशी झाडाचे खोड कोरावे लागले, नाहीतर घोटा तुटता. ब्रिटिश म्युझियममधली तशी एक नक्कल २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनाला आली होती. थाळी फेकणाऱ्या त्या देखण्या देहाला मागून खोड चिकटलेले आहे. ज्यांनी ते पाहिले, त्यांना नुर्मीच्या घोट्याखाली काहीच नाही याचे मोल अधिक कळेल. धावपटू पूर्ण तोलावर, आणि आधाराला फक्त चवडा.

मापाचे गणित आणखी पुढे नेता येते. उंची दुप्पट केली की भरीव पुतळ्याचे वजन आठपट होते, पोकळ पुतळ्याचे जाडी तीच ठेवल्यास चौपट. अकरा फुटी खाशाबांना २२८ किलो लागतील. याच वाटेने चालत राहिले की आपण राम सुतारांच्या दारात पोचतो. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे सुतार. त्यांच्या हातच्या आराखड्यावरून नर्मदेकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. साडेपाच फुटी माणसाच्या १०८ पट उंच. क्षेत्रफळ म्हणून ११,६०० पटींच्या पुढे. त्यावर ब्राँझचे जे आवरण आहे, त्याचे वजन सुमारे १,७०० टन. त्याला ५७ किलोंनी भागले तर उत्तर येते २९,८००. महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. एका अजस्र पुतळ्याच्या केवळ कातडीत राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीसमोर एकेक पूर्ण मापाचा मल्ल उभा राहील आणि वर शेकड्यांनी उरतील. सुतारांचे काम थोर आहे आणि त्याच्या भव्यतेत काही कमी नाही. मला फक्त दुसऱ्या टोकाची ताकद दाखवायची आहे: माणसाच्या मापाला किती थोडा धातू पुरतो.

ही कला आपल्याला नवी नाही. आल्तोनेनचे शिल्प पूर्ण झाल्यावर तीनच वर्षांनी, १९२८ मध्ये, विनायक पांडुरंग करमरकरांचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा पुण्यात उभा राहिला. त्या घोड्याकडे बघून ओतकामात महाराष्ट्र कुणाच्या मागे होता असे कोणी म्हणणार नाही.

नुर्मीच्या पुतळ्याचे पुढे काय काय झाले, तेही थक्क करणारे आहे. १९४० चे ऑलिम्पिक हेलसिंकीत ठरले, तेव्हा इल्मारी सिसिमेत्सा यांनी या पुतळ्याचे चित्र घेऊन भित्तिपत्रक केले. महायुद्ध आले, खेळ रद्द झाले. बारा वर्षांनी तेच भित्तिपत्रक साल बदलून पुन्हा भिंतींवर लागले. १९३९ मध्ये तुर्कूच्या यर्यो वैसाला यांनी मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात एक लघुग्रह शोधला, त्याचा क्रमांक १७४० आणि नाव पाव्हो नुर्मी. १९६१ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातून ‘वासा’ ही युद्धनौका वर काढली गेली. ती १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाली होती. ३३३ वर्षे पाण्याखाली राहिलेल्या त्या जहाजावर सापडली नुर्मीची एक छोटी मूर्ती. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ती गुपचूप आत नेऊन ठेवली होती. १९८० च्या दशकात नुर्मी दहा मार्कांच्या नोटेवर आला, आणि नोटेच्या मागे स्टेडियम. पोरांनी जहाजात दुसऱ्या कोणाची मूर्ती ठेवली असती? पुतळा दाराशी उभा असला की पोरांच्या डोक्यात पहिला तोच येतो, खोडी काढतानासुद्धा.

म्हणून माझी इच्छा अगदी ठोस आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मैदानाच्या दाराशी, जिथे पोरे भरतीची तयारी करायला पहाटे धावतात, खाशाबांचा पूर्ण मापाचा पुतळा असावा. चौथरा उंच नको. पोराला खांद्याला खांदा लावून उभे राहता आले पाहिजे. मुद्रा कुस्तीच्या आधीची असावी, सलामी झाल्यानंतरची, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही तळवे पुढे. दोन पाय जमिनीवर असल्याने ओतायलाही ती नुर्मीपेक्षा सोपी. आणि चौथऱ्यावर स्तुतीच्या ओळी नसाव्यात, आकडे असावेत: १९४८ लंडन, सहावा, २३ जुलै १९५२ हेलसिंकी, तिसरा, ५७ किलो, ७,००० रुपये, १५१ गाड्या.

धातू गोळा करायचा तर नव्वद-दहाच्या मिश्रणाने तांबे लागेल ५१ किलो ३०० ग्रॅम आणि कथील ५ किलो ७०० ग्रॅम. ओतनळ्यांत अडकणारा आणि घासून जाणारा धातू निराळा, तो वर तिसरा हिस्सा धरावा. बारा लाख लोकवस्तीच्या जिल्ह्यात मुख्य ५७ किलोंची वाटणी केली, तर माणशी साडेसत्तेचाळीस मिलिग्रॅम धातू येतो.